१७ चा बोल्ट आणि ४२ तुकड्यांचा डबा

बाबांची स्प्लेंडर माझ्याकडे आली तेव्हा निदान ऑइल तरी घरीच बदलायचं ठरवलं. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून ४२ तुकड्यांचा गोटी पान्यांचा (सॉकेटचा) डबा आणला. वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिनाखालच्या ड्रेन बोल्टला (जुनं तेल काढायच्या) १७ मिमीची गोटी लावली, जोर दिला आणि हात सटकून फुटरेस्टवर आपटला. बोल्ट जागच्या जागी, फक्त त्याचे कोपरे गोल!

गाडी ढकलत नाक्यावरच्या मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांनी गोटी माझ्या डोळ्यांसमोर धरली. "ही बारा कोनांची. फक्त कोपरे पकडते, म्हणून घसरते. सहा कोनांची घे, ती बाजू धरते." मग पाइप पान्याने तो बोल्ट काढला, नवा लावला आणि म्हणाले, "आता आधी गाडीभोवती फिर, काय काय लागतं ते लिहून काढ, मग दुकानात जा."

लिहून काढलं. ८, १०, १२, १४, १७ यांतच बहुतेक काम भागत होतं. टॅपेटच्या (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाच्या) लॉकनटला ९. माझ्या डब्यातल्या ११, १३, १५ ला या गाडीवर कामच नव्हतं. प्लगचा पाना तर गाडीच्या किटमध्येच निघाला, सीटखाली, गंजलेला.

खरी गंमत स्क्रूंची. कार्बोरेटरच्या वाटीचे स्क्रू फुलीचे, म्हणून घरातला फुली स्क्रू-ड्रायव्हर लावला, तर तो वर वर उचलला जायचा आणि फुली खरवडली जायची. ही फुली फिलिप्सची, म्हणजे आपल्या नेहमीच्या फुली स्क्रू-ड्रायव्हरची, नसून जपानी, जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाची. फिलिप्सचं टोक तिच्या तळापर्यंत नीट बसतच नाही. अशा स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक ठिपका असतो. तो ठिपका मी इतकी वर्षं डाग समजत होतो.

मग एका शनिवारी लोकलने मुंबईतलं मशीद स्टेशन गाठलं आणि अवजारांच्या दुकानांच्या नागदेवी स्ट्रीटवर गेलो. तिथे हातात धरून बघायला देतात, हे मला फार आवडलं. ८, १० आणि १२ चे टी पाने (टी आकाराच्या दांड्याचे), १४-१५ आणि १६-१७ चे रिंग पाने (नाशिकला कारखाना असलेल्या तपारियाचे), १७ ची सहा कोनी गोटी आणि जेआयएसचा एक स्क्रू-ड्रायव्हर. नवा स्क्रू-ड्रायव्हर फुलीत घातला तेव्हा तो आपोआप उभा राहिला, हात सोडला तरी. पाव फेऱ्यात स्क्रू सुटला.

टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) मात्र किंमत ऐकून परत ठेवला. स्प्लेंडरचं इंजिन कव्हर अॅल्युमिनियमचं, बोल्ट जास्त आवळला तर आटेच जातात. सध्या ड्रेन बोल्ट आखूड पान्याने, मनगटाच्या जोरावर आवळतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगच्या फरशीवर तेलाचा थेंब दिसतो का ते बघायला खाली उतरतो.