रिकामा हौदा आणि लाल चिखल

आज बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात कच्च्या वाटांवर पिकअप फिरवली. गाडी शोरूममधून आली तशीच आहे, आणि सुरुवातीला तशीच असू द्यावी. गाडी उंच करणारं लिफ्ट किट, छतावरचा तंबू वगैरे हौस नंतर. पहिला खर्च टायरवर: ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीवर चालणारे, तेही मूळ मापाचे.

पिकअपची खरी खोड म्हणजे रिकामा हौदा. मागचे पाटे (स्प्रिंग) भार धरून बनवलेले; वजन नसलं की मागचं चाक उड्या मारतं आणि ओल्या जांभ्याच्या मातीत जागच्या जागी फिरत बसतं. पाण्याचे कॅन, अवजारं, जास्तीची स्टेपनी मिळून 80-100 किलो सामान केबिनच्या बाजूला, मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे पट्ट्याने आवळून ठेवा. तेच मागच्या फळीला टेकवलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकेनासं होतं.

डांबर सुटलं की हवा 35 वरून 25 पीएसआयवर आणा. परतताना पुन्हा भरावी लागते, म्हणून लाइट बारच्या आधी 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर घ्या. फोर-हाय, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा गिअर, चिखलात शिरण्याआधी लावायचं, रुतल्यावर नव्हे! कोरड्या डांबरावर मात्र काढा. पार्ट-टाइम फोर-बाय-फोरला (गरजेपुरती चारही चाकं जोडणारी गाडी) पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरेन्शियल नसतो, वळताना गाडी आखडते.

रुतलेली गाडी ओढायचा दोर टो-बॉलला (ट्रेलर जोडायचा मागचा गोळा) कधीच अडकवू नका; बॉल तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. चासीला बोल्ट केलेला हुक आणि 4.75 टनी शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी) वापरा.

आणि हो, इथल्याच भीमगडच्या जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय तंबू ठोकू नका. डिझेल बेळगाव किंवा खानापुरातूनच भरून निघा.