शिरेतली गुठळी आणि डिस्चार्ज कार्डावरचा कोड

मे महिन्यात खान्देशातल्या कुठल्याही वॉर्डात दोन आठवड्यांची बाळंतीण आली, चार दिवस 'डोकं दुखी ऱ्हायनं' म्हणतेय आणि आज फिट आली, तर एक्लॅम्प्सियाच्या (बाळंतपणातल्या वाढलेल्या रक्तदाबामुळे येणाऱ्या झटक्यांच्या) जोडीनं मेंदूच्या शिरेतली गुठळी मनात यायलाच हवी. बाळंतपणात रक्त गोठण्याकडे झुकलेलंच असतं. त्यात जळगाव-भुसावळचं ऊन, आणि वर 'बाळंतिणीला पाणी कमी द्या' हा घरचा सल्ला! बाकीची कारणं खोदून विचारावी लागतात: गर्भनिरोधक गोळ्या, लग्नासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या (आपणहून कुणी सांगत नाही), फुटका कान, धडगाव-अक्कलकुव्याकडचा पेशंट असेल तर सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार).

साधा सीटी नॉर्मल आला म्हणून घरी पाठवू नका. निम्म्याहून जास्त वेळा त्यात काहीच दिसत नाही. सायनस (मेंदूतलं रक्त वाहून नेणारी मोठी शीर) पांढराशुभ्र दिसला तरी हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) बघा. अंगातलं पाणी आटलं की सगळंच रक्त पांढरट दिसतं, धमन्यांतलंही. सायनस आणि धमनी शेजारी ठेवून बघितलं की फरक कळतो. रक्तस्राव धमनीच्या हद्दीत न बसता मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना असेल तर संशय पक्का धरा आणि एमआरआयसोबत व्हेनोग्राम (शिरांचं चित्र) मागा, एसडब्ल्यूआयसह (रक्ताचे अंश ठळक दाखवणारी एमआरआयची पद्धत). पहिले चार-पाच दिवस गुठळी टी२वर (एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात) काळी दिसते, अगदी वाहत्या रक्तासारखी. इथे भले भले फसतात. उलट डावा ट्रान्सव्हर्स सायनस जन्मतःच बारीक असला तर व्हेनोग्राममध्ये बंद वाटतो. डी-डायमर (गुठळीचा अंदाज देणारी रक्ततपासणी) नॉर्मल आला तरी निदान सोडू नये.

शिरेतल्या गुठळीमुळे झालेला रक्तस्राव असला तरी हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) द्यायचंच असतं. किडनी ठीक असेल तर एनॉक्सापॅरिन (हेपरिनचाच एक प्रकार) किलोमागे १ मिलीग्रॅम, दर १२ तासांनी. नातेवाईक घाबरतात, आधीच समजावून ठेवा.

आता कोड. आयसीडी-१० मध्ये (आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत) खरा प्रश्न एकच: इन्फार्क्ट झालाय का, म्हणजे मेंदूचा भाग मेलाय का? झाला असेल तर आय६३.६. नुसती गुठळी, मेंदूला इजा नाही, तर आय६७.६. कान किंवा नाकाजवळच्या सायनसच्या संसर्गातून पू होऊन झाली असेल तर जी०८. गरोदरपणात ओ२२.५, बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत ओ८७.३, हे 'ओ' कोड आधी लागतात, इन्फार्क्टचा कोड दुय्यम.

घोळ होतो तो कार्डावर नुसतं 'सीव्हीए' (मेंदूचा झटका) किंवा 'आयसीएच' (मेंदूतला रक्तस्राव) लिहिल्यानं. रेकॉर्ड रूममधला माणूस मग आय६४ (प्रकार न सांगितलेला झटका) किंवा आय६१.९ (तपशील नसलेला मेंदूतला रक्तस्राव) टाकतो, आणि त्याचं चूक म्हणता येत नाही; फिल्म बघून निदान ठरवणं त्याचं काम नाही. डॉक्टरांनी एवढं लिहावं: 'सुपीरियर सॅजिटल सायनस थ्रॉम्बोसिस, उजव्या फ्रॉन्टल भागात रक्तस्रावी व्हेनस इन्फार्क्ट, प्रसूतीनंतर १४वा दिवस, संसर्ग नाही.' या एका ओळीत ओ८७.३ आणि आय६३.६ दोन्ही सापडतात. सरकारी आरोग्य योजनेच्या फाइलवरचा पॅकेज कोड वेगळा, तो इथे मिसळू नका.

वर्षभरानं तीच बाई हातातल्या उरलेल्या कमजोरीसाठी आली तर जुन्या कार्डावरचा आय६३.६ पुन्हा उतरवू नये. तेव्हा आय६९.३ (इन्फार्क्टचे मागे उरलेले परिणाम).