रगवर विणकरणीचं नाव, पैठणीवर दुकानाचं

अ‍ॅरिझोनातल्या गनाडोच्या हबेल ट्रेडिंग पोस्टमध्ये नवाहो या मूलनिवासी जमातीच्या विणकरांचे रग थप्प्या लावून ठेवलेले असतात. 1878 पासूनचं दुकान, आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ, पण विक्री चालूच. फिनिक्सहून चार-पाच तास लागतात, तरी पुण्याहून कोणी आलं की आम्ही तिकडे गाडी वळवतोच. रगला एक चिठ्ठी असते. तिच्यावर किंमत (वाचायची आणि रग हळूच खाली ठेवायचा) आणि विणणारीचं नाव.

ते नाव काही डोक्यातून जात नाही. यामागे निव्वळ सौजन्य नाही, कायद्याचा धाकही आहे. दुसऱ्या कोणी केलेला माल मूलनिवासींचा म्हणून विकला तर 1990 च्या कायद्यानं पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आपल्या पैठणीलाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे की! पण लक्ष्मी रोडवर ‘सेमी पैठणी’ म्हणून काय काय गादीवर पसरतात, ते मी तुम्हाला काय सांगू.

हबेलमध्ये मागावर बसलेल्या बाईंना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आमच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. त्या म्हणाल्या, मागून येऊन बघ. उभा माग, पलीकडूनही तीच नक्षी. तरी रेशीम ते रेशीम. लोकरीत बांगडी-मोर असा उतरणार नाही, हे मी अजूनही म्हणेन.

प्रत्येक नक्षीचा अर्थ विचारायची मात्र सोय नाही. गिऱ्हाइकांना आवडतात म्हणून पुष्कळसे ‘अर्थ’ व्यापाऱ्यांनीच चिकटवलेले. गोष्ट असते ती दुसरीकडेच. 1864 मध्ये अमेरिकन सैन्यानं नवाहो लोकांना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोला नेऊन डांबलं, मेंढरं मारली, पीचच्या बागा तोडल्या. 1868 च्या करारानंतर ते परतले. पुढे गिरणीचं भडक रंगाचं सूत मागावर आलं, आणि त्या काळातल्या रगांवर लालभडक रंग दिसतो तो त्यातून. नंतर चित्रांच्या रगांवर आगगाडी आली, पिकअप ट्रक आले. काठसुद्धा मूळचा नाही. गोऱ्या गिऱ्हाइकाला चौकट हवी होती, म्हणून व्यापाऱ्यांनी तो आग्रहानं विणून घेतला. त्यावर काही बायकांनी काठातून बाहेर जाणारी एक बारीक रेघ सोडली: विणणारीचं मन रगात कोंडून राहू नये, पुढच्या कामाला मोकळं व्हावं म्हणून. गिऱ्हाईक सांभाळलं आणि स्वतःलाही. मला हे फार आवडलं.

पण कायदा आहे म्हणून अमेरिकेचं कौतुक फार करू नका. 1930 च्या दशकात याच सरकारनं जास्त चराई होते म्हणून त्यांच्या मेंढ्या जबरदस्तीनं कमी केल्या. आधी लोकर काढून घ्यायची आणि मग विणकरांच्या रक्षणाचा कायदा करायचा! आपल्याकडे निदान येवल्याच्या विणकराचा माग कोणी जप्त केला नाही. भाव पाडला असेल, तो भाग वेगळा.

परवा आई भाचीच्या लग्नासाठी पैठण्या बघत होती, व्हिडिओ कॉलवर मी. “ही विणली कोणी, विचार ना त्यांना.”

“कोणी म्हणजे? येवल्याची आहे.”

“अगं, पण नाव?”

तिनं दुकानाचं नाव सांगितलं. मी हट्ट धरला, तर दुकानातले काका मागून म्हणाले, “ताई, नावाचं काय घेऊन बसलात, रंग जाणार नाही याची गॅरंटी.” आणि खरं सांगायचं तर इतक्या लांबून, पैसे आईचे असताना, मी आणखी किती ताणणार? साडी छान आहे. गर्द जांभळी, नारळी काठ. भाचीलाही पसंत आहे.