टॅलीचा बॅकअप कुणाच्या जीमेलवर आहे?

कुठल्याही दुकानात, गोडाऊनवर नाहीतर सीएच्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या कामाला गेलो की मी एक प्रश्न हमखास विचारतो, टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप कुठं घेताय? आणि हल्ली उत्तर पण हमखास एकच, "गूगल ड्राइव्हला आहे की सगळं." पूर्वी "पेन ड्राइव्हला आहे" म्हणायचे आणि तो पेन ड्राइव्ह सीपीयूलाच लावलेला असायचा, त्यामानानं प्रगती आहे. पण मग मी पुढचं विचारतो, ड्राइव्ह कुणाच्या जीमेलवर आहे शेठ? इथं शेठ अकाउंटंटकडं बघतात आणि अकाउंटंट स्क्रीनकडं बघतो.

म्हणजे काय झालेलं असतं, संध्याकाळी दोन तास येणारा एक पोरगा असतो, हुशार असतो, त्यानं स्वतःच्याच जीमेलनं लॉगिन करून फुकटच्या १५ जीबीत सगळं बसवून दिलेलं असतं. त्याच १५ जीबीत त्याचे मेल, त्याचे फोटो, आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप पण आता त्यातच मोजतात. त्याच्या चुलतभावाच्या लग्नाचे व्हिडिओ आले की जागा फुल्ल, आणि तुमचा बॅकअप गपगुमान बंद. हे तो पोरगा कामावर असताना. उद्या त्याला पुण्यात नोकरी लागली, किंवा पगारावरून तुमचं त्याचं वाजलं, तर ओटीपी त्याच्या मोबाइलवर जाणार, तुमच्या नाही. त्यात त्या पोराचा काही दोष नाही हो, त्यानं मदतच केलेली असते. पण धंद्याचा डेटा दुसऱ्याच्या नावावर आहे हे मालकाला माहीतच नसतं याचं मला नवल वाटतं, कारण हाच मालक गाळ्याच्या भाडेकरारात एक ओळ इकडची तिकडं होऊ देत नाही.

त्यामुळं पहिलं काम, फर्मच्या नावाचं वेगळं अकाउंट काढा, रिकव्हरीला मालकाचा नंबर टाका, टू-स्टेप (पासवर्डनंतर मोबाइलवरून दुसरी खात्री) चालू करा आणि ते जे बॅकअप कोड मिळतात ते प्रिंट मारून लॉकरमध्ये टाका. अकाउंटंटला त्यातलं एक फोल्डर शेअर करा, झालं. आणि काढलेलं अकाउंट विसरू नका, दोन वर्षं कुणी हातच लावला नाही तर गूगल ते डिलीट करू शकतं.

आता मुद्द्याचं. टॅलीचं डेटा फोल्डरच उचलून ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवलंय म्हणजे आपोआप बॅकअप होतोय, असं समजणारे निम्मे तरी निघतील. तो बॅकअप नाही, तो आरसा आहे. तुम्ही इकडं जे कराल ते तिकडं दिसणार. चुकून कंपनी डिलीट झाली, तिकडं पण डिलीट. व्हायरसनं सगळ्या फाइली लॉक केल्या, लॉक झालेल्या फाइलीच इमानदारीत वर चढणार. ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं, जुनी व्हर्जन्स पण साधारण तेवढेच दिवस, पण एप्रिलमध्ये उडवलेल्या एन्ट्र्या जर ऑडिटच्या वेळी सप्टेंबरात लक्षात आल्या तर ते ३० दिवस काय कामाचे? वर टॅली चालू असताना तिच्या फाइली सतत लिहिल्या जात असतात, सिंक करणारं सॉफ्टवेअर मधेच अर्धी जुनी अर्धी नवी असं काहीतरी उचलतं, आणि दोन कॉम्प्युटरवर तेच फोल्डर सिंक करून दोघांनी एन्ट्र्या मारल्या तर मग डेटा करप्ट झाला म्हणून फोन येतोच.

बरोबर पद्धत फार अवघड नाही. दुकान बंद करताना सगळ्यांना टॅलीतून बाहेर काढायचं, टॅली प्राइममध्ये ऑल्ट वाय दाबून बॅकअप घ्यायचा, तो त्या दिवसाच्या तारखेच्या फोल्डरमध्ये, आणि ते फोल्डर वर चढवायचं. रोज त्याच फोल्डरमध्ये घेऊ नका, कालच्यावर आजचा बसला की तुमच्याकडं फक्त आजचाच राहिला. रोजचे जुने झाले की पुसा, महिनाअखेरचे ठेवा, ३१ मार्चचा तर कधीच पुसू नका. बहुतेक दुकानांचा टॅलीचा डेटा काही शे एमबीच्या वर नसतो, साध्या ब्रॉडबँडवर चहा होईस्तोवर जातो. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग मात्र यात घालू नका, तिथं माणूस कंटाळतो आणि मग सगळंच सोडून देतो.

रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, म्हटलं की लोकांना वाटतं हे मोठ्या कंपन्यांचं दुखणं. मोठ्यांचं आधी बघा मग. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला, त्यात मर्स्क ही जहाजवाली कंपनी आडवी झाली आणि तिच्याच ग्रुपचं आपल्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनल बंद पडून उरणकडं कंटेनर अडकले. मर्स्कचं सगळं नेटवर्क ज्याच्यावर चालतं ते जगभरचे डोमेन कंट्रोलर एकजात पुसले गेले होते, एक वाचला, घानाच्या ऑफिसातला, कारण तेव्हा तिथली लाइट गेली होती! त्या एकावरून त्यांनी परत उभारणी केली. महावितरणला शिव्या घालताना हे आठवावं. पण त्यातली खरी गंमत अशी की वाचलेली कॉपी ही नेटवर्कपासून तुटलेली कॉपी होती. म्हणून मी क्लाउड असला तरी एक बाहेरची हार्डडिस्क ठेवायला सांगतो, आठवड्यातून एकदा लावायची, कॉपी घ्यायची आणि काढून घरी न्यायची, लावून ठेवायची नाही. ज्यांचा डेटा जास्त आहे त्यांनी अशी क्लाउड सर्व्हिस बघावी जिथं बॅकअपला कुलूप लावता येतं, ठरवलेल्या मुदतीपर्यंत कुणालाच पुसता येत नाही, पासवर्ड चोरणाऱ्याला पण नाही.

घरी न्यायची असं का म्हणतो ते सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी तिथं ४५ आहे. पाणी चढायला लागलं की माणूस आधी माल वर काढतो, पोती पोटमाळ्यावर टाकतो, गल्ला रिकामा करतो, आणि कॉम्प्युटर टेबलावरच राहतो कारण टेबल म्हणजे उंचावर आहे असं वाटतं. बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. दोन वर्षांनी २२ जुलैला चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेली, तिथं तरी वेगळं काय होणार. जाता जाता एक, भिजलेली हार्डडिस्क उन्हात वाळवून, ड्रायर मारून चालू करून बघायची नाही. करंट दिला की उरलंसुरलं पण जातं. लॅबवाल्याकडं आहे तशी द्यायची, तो पैसे तगडे घेतो आणि गॅरंटी देत नाही.

क्लाउड म्हणजे पण शेवटी कुणाची तरी बिल्डिंगच. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी बिल्डिंग गेली, आणि ज्यांचा सर्व्हर पण तिथं आणि बॅकअप पण त्याच आवारात त्यांचं दोन्ही गेलं. म्हणून तो ३-२-१ चा हिशेब, पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं रूढ केलेला. तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक गावाबाहेर. फोटोग्राफरला ते सुचलं यात आश्चर्य नाही, लग्नाचे फोटो परत काढता येत नाहीत.

आणि आता माझा सगळ्यात आवडता प्रश्न, या बॅकअपमधून परत कधी काढून बघितलंय का? इथं शांतता. गिटलॅब माहीत असेल, प्रोग्रामरच लोकांची कंपनी, ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला, लक्षात येईपर्यंत ३०० जीबीतले साडेचार उरले होते. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि एक पण धड चालत नव्हती, रोजचा बॅकअप फेल होतोय हे सांगणारे मेल पण पोचत नव्हते. योगायोगानं कुणीतरी सहा तास आधी हातानं एक कॉपी घेतली होती, तिच्यावर निभावलं. त्यांचं असं होतं तर आपण कोण.

तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोर करून बघा. दुसऱ्याच, चालू डेटावर रिस्टोर मारायचं नाही, नाहीतर आजच्यावर जुनं बसेल. उघडल्यावर शेवटच्या व्हाउचरची तारीख बघायची आणि ट्रायल बॅलन्स जुळवायचा. टॅली व्हॉल्टचा, म्हणजे कंपनीचा डेटा कुलूपबंद करणारा, पासवर्ड लावला असेल तर तो कुणाला पाठ आहे ते पण तेव्हाच कळतं, कारण तो विसरला तर बॅकअप शंभर असले तरी उघडत नाहीत, त्याला रिसेट नाही.

"जुनं कोण विचारतंय" असं पण काही जण म्हणतात. जीएसटीवाले विचारतात. कायद्यानं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब ठेवायचा असतो, आणि अपील वगैरे चालू असेल तर त्याहून जास्त. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेबाच्या वह्या कॉम्प्युटरवर ठेवता तेव्हा भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज बॅकअप हवा असा नियम २०२२ पासून आहेच, सीएला विचारा.

खर्चाचं म्हणाल तर १०० जीबीचा गूगलचा प्लॅन महिन्याला दीडशेच्या आत बसतो, एवढ्याचं तर दुकानात चहाचं बिल होतं. फक्त तो कुणाच्या कार्डावर लावलाय ते लिहून ठेवा. कार्डाची मुदत संपली की पैसे कटत नाहीत, प्लॅन बंद पडतो, मेल येतो आणि दुकानाचा मेल कोण वाचतंय? दर सोमवारी मालकानं स्वतःच्या मोबाइलवर ड्राइव्ह उघडून शेवटच्या फाइलची तारीख आणि साइज बघायची. तारीख शनिवारची नसेल, किंवा कालपर्यंत ३०० एमबी असलेली फाइल आज २ एमबी दिसली, तर अकाउंटंटला फोन लावा. मला नंतर लावा.