वडीलपदाची तयारी आणि त्यानंतरचं काम

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वडील (धर्मगुरू असलेल्या पाळकांसोबत मंडळीचा कारभार आणि लोकांची काळजी बघणारे निवडलेले सभासद) म्हणून सुचवलेली नावं निवडणुकीच्या आधी भर उपासनेत वाचून दाखवतात. कुणाची हरकत असेल तर ती पाळकांकडे लेखी द्यायची. निनावी चिठ्ठी चालत नाही. माझं नाव वाचलं गेल्यावर काही दिवस मी ओळखीचा प्रत्येक चेहरा जरा निरखूनच बघत होते. हरकत आली नाही. सगळ्या प्रक्रियेतला हा सर्वांत शहाणपणाचा टप्पा आहे असं माझं मत आहे. कारण बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जी पात्रता दिली आहे, ती मुलाखतीत तपासता येणारी नाहीच. नेमस्त, न भांडणारा, पैशाचा लोभ नसलेला, पाहुण्याला दार उघडणारा, बाहेरच्या लोकांतही नाव राखलेला. हे शेजारी सांगतील, उमेदवार स्वतः काय सांगणार? घर नीट सांभाळणं सोडलं तर त्या यादीत कौशल्य म्हणावं असं एकच आहे, शिकवण्याची हातोटी. हुद्दा किंवा देणगीचा आकडा यांचा उल्लेखही नाही. नावं सुचवताना मात्र लोकांना आधी नेमकं तेच आठवतं.

निवड झाली म्हणजे पद मिळालं असं नव्हतं. पाळक आणि जुने वडील यांच्यासोबत अभ्यासवर्ग सुरू झाले. बायबल आणि विश्वासाचा अंगीकार, म्हणजे मंडळीच्या श्रद्धेचं लेखी निवेदन, हे ओघाने आलंच, पण खरा कस लागला तो मंडळीच्या घटनेच्या पुस्तकाने. सभासदांची नोंद कशी ठेवायची, सभेला किती जण हजर हवेत, वरच्या मंडळाकडे दाद कशी मागायची, असं पानोपान. तेवढ्या रुक्ष मजकुरात एक गोष्ट अशी निघाली की पुढच्या सगळ्या कामाकडे बघण्याची माझी नजर तिने ठरवली. निर्णयाचा अधिकार एकट्या वडिलांना नाही. तो सगळे वडील आणि पाळक सभेत एकत्र बसतात तेव्हाच असतो. एकटीने मी भेटायला जाऊ शकते, प्रार्थना करू शकते, समजूत घालू शकते. ठरवू शकत नाही.

मग शास्त्रात शोधलं तर हे सगळीकडेच दिसायला लागलं. लोकांचा भार एकट्याने पेलवेना तेव्हा इस्राएलाचा पुढारी मोशे याच्या मदतीला सत्तर वडील उभे केले गेले. पौल आणि बर्णबा यांनी प्रत्येक मंडळीत वडील नेमले, एक वडील नव्हे. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं याकोब लिहितो, तेही अनेकवचनात. १५४१ साली प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनच्या जिनिव्हात जी व्यवस्था लागली, तिच्यात बारा वडील दर आठवड्याला पाळकांबरोबर बसत आणि ते शहराच्या वेगवेगळ्या भागांतून निवडलेले असत, म्हणजे कुठलीच वस्ती नजरेआड राहू नये. नजर ठेवण्याचा त्यांचा अतिरेक आज कुणी सहन करणार नाही, पण घरं वाटून घेण्याची पद्धत आमच्याकडे अजून तशीच आहे.

परीक्षेच्या वेळी एका वयस्कर वडिलांनी मला सरळ विचारलं, “पौलाच्या त्या यादीत ‘एका स्त्रीचा पती’ असं लिहिलंय, त्याचं तुम्ही काय करणार?” मी म्हटलं, तो वैवाहिक निष्ठेबद्दलचा नियम आहे असं मी मानते, आणि निष्ठेची अट मलाही लागू आहे. ते हसले, पण पुढचा प्रश्न सोपा नव्हता. काही मंडळ्या स्त्रियांना हे पद देत नाहीत आणि त्यांचीही शास्त्राधारित बाजू आहे. ती मला मांडायला लावली. चर्च ऑफ स्कॉटलंडने स्त्रियांसाठी वडीलपद खुलं केलं तेच मुळी १९६६ साली. दीक्षेच्या दिवशी मंडळीसमोर प्रतिज्ञा घेतल्या, गुडघे टेकले, डोक्यावर हात ठेवले गेले. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

काम सुरू झालं ते घरांच्या यादीपासून. कोण आजारी आहे, कोण बरेच रविवार दिसलं नाही, कुणाच्या घरी मूल झालं. यातलं निम्मं मला कळतं आणि निम्मं कळूनही बोलायचं नसतं. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि प्याला पोहोचवणं हे लोकांना दिसणारं काम, आणि ते सर्वांत सोपं. हिशेब, इमारत, दानपेटी हे आमच्याकडे मुख्यतः सेवकांकडे (डीकन) असतं, आम्ही ताळेबंद तपासतो.

अवघड असतात ती भांडणं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम स्पष्ट आहे: आधी एकट्याने जाऊन बोल, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. माझ्याकडे येणारे बहुतेक जण तिसऱ्या पायरीवरून सुरुवात करतात. “ताई, तुम्ही आता वडील आहात, तुम्हीच त्यांना सभेत बोलवा.” मी विचारते, तुम्ही त्यांच्याशी बोललात का? यावर बहुधा विषय बदलतो. आणि तक्रार एखाद्या वडिलांवरच असेल तर दोन-तीन साक्षीदारांशिवाय ती घ्यायचीच नाही, हाही पौलाचाच नियम. त्यापुढे मात्र तो सांगतो की पाप करत राहणाऱ्याला सगळ्यांदेखत दोष लावा. हे दुसरं वाक्य काही वडीलधारे सोयीस्करपणे गाळतात असा माझा अनुभव आहे.

गेल्या सभेत दोन उपासना एकत्र करण्याचा ठराव झाला. मी विरोधात मत दिलं आणि हरले. सकाळच्या उपासनेला येणारी म्हातारी माणसं माझ्याच यादीत जास्त आहेत, त्यामुळे त्यांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. एका आजींनी विचारलं, “तुझं मत काय होतं?” मी म्हटलं, “आम्ही असं ठरवलं आहे, आजी. सभेतलं सभेत.” त्यांना ते अजिबात आवडलं नाही. त्यांना आणायला गाडीची सोय कोण करणार हे अजून ठरायचं आहे. तो विषय मी पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिला घालून घेतला आहे.