तुम्ही विचारलंत म्हणून: समुपदेशनाला जाऊन नेमकं करायचं काय?

‘डॉक्टर तपासतात, गोळ्या देतात. समुपदेशकाकडे जाऊन मी काय करायचं? नुसतं बोलून काय होणार?’ पहिली अपॉइंटमेंट घेतलेली माणसं हे हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण हे आधी कुणी समजावून सांगतच नाही.

नुसतं बोलून फार काही होत नाही, हे आधीच मान्य करून टाकू. मन हलकं होतं, पण तेवढ्यापुरतं. आठवड्याच्या 168 तासांतला जेमतेम एक तास तुम्ही त्या खोलीत असता, तोही बहुतेक ठिकाणी 45 ते 50 मिनिटांचाच. तिथे काय घेऊन जाता आणि तिथून काय करायचं ठरवून बाहेर पडता, यावर बाकी सगळं अवलंबून असतं.

पहिल्या सेशनला सल्ल्याची अपेक्षा ठेवू नका. तो वेळ चौकशीत जातो: झोप, भूक, दारू-तंबाखू, घरात कुणाला मानसिक आजार होता का, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, त्यात दचकण्यासारखं काही नाही. सोबत चालू औषधांची यादी आणि अलीकडचे रिपोर्ट न्या. थायरॉइड बिघडलं किंवा बी-12 कमी झालं तरी माणूस थकलेला, उदास दिसू शकतो. छातीत धडधडत असेल तर आधी फिजिशियनला दाखवलेलं बरं.

तुम्हीही विचारायचं: शिक्षण काय, कुठल्या पद्धतीने काम करता, अंदाजे किती सेशन लागतील, ऐनवेळी रद्द केलं तर फी पडते का. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तो नंबर मागायला संकोच कसला? ‘लाइफ कोच’ ही पाटी मात्र कुणीही लावू शकतं. नोकरी बदलायची आहे, हाताखालची माणसं सांभाळणं जमत नाही, अशा कामांना चांगला कोच उपयोगी पडतो. नैराश्य, पॅनिक, व्यसन घेऊन कोचकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या वाट्याचं काम. अख्खं आयुष्य सांगायला बसू नका, आठवड्यातला एक प्रसंग आणा. ‘ऑफिसात सगळे माझ्या वाईटावर आहेत’ यावर काम करता येत नाही. ‘सोमवारच्या मीटिंगमध्ये मी मुद्दा मांडला आणि साहेब “बघू नंतर” म्हणाले’ यावर येतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ पद्धत तर अशा प्रसंगावरच चालते. घटना, तिच्याकडे बघण्याचा दृष्टिकोन आणि त्यातून झालेला परिणाम, असे तीन रकाने. परिणामात भावना येते, तिची तीव्रता 0 ते 100 मध्ये येते आणि मग तुम्ही काय केलंत तेही येतं: दोन दिवस साहेबांशी बोलणं टाळलं, वगैरे.

हा कागद भरताना चुका ठरलेल्या असतात. भावनेच्या रकान्यात लोक विचार लिहितात. ‘त्यांनी मला किंमत दिली नाही असं वाटलं’ हा विचार झाला. राग, लाज, भीती या भावना. दुसरं, मनातलं वाक्य सभ्य करून लिहितात. मनात ‘माझी लायकीच नाही’ आलं असेल तर तेच लिहा, ‘आत्मविश्वास कमी झाला’ नको. आणि तिसरं, सेशनच्या आदल्या रात्री आठवड्याचं सगळं एका बैठकीत उरकतात. तोवर प्रसंग मनात घोळून घोळून वेगळाच झालेला असतो. प्रसंग घडल्यावर तासा-दोन तासांत दोन ओळी खरडल्या तरी पुरे, मोबाइलमध्येही चालतील.

भीती असेल तर लिहून भागत नाही. समजा, लोकलमध्ये पॅनिक येतं म्हणून माणूस टॅक्सीने फिरतोय. मग पायऱ्या ठरतात. आधी ठाण्याच्या फलाटावर वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं. मग दुपारच्या रिकाम्या स्लो लोकलने मुलुंड, एकच स्टेशन. ते जमलं की घाटकोपर, मग फास्ट, गर्दीची वेळ सगळ्यात शेवटी. निघण्यापूर्वी भाकीत लिहायचं: ‘चक्कर येऊन पडेन’. परत आल्यावर खरं काय झालं ते. एक पायरी आठवड्यातून चार-पाच वेळा केली तरच उपयोग. एकदा करून ‘जमलं’ म्हणत सोडून दिली की भीती पुन्हा जागेवर येते.

इथे दोन गोष्टी घात करतात. भीती अगदी टोकाला असताना मधेच उतरलात, तर मन धडा घेतं की उतरलो म्हणून वाचलो. म्हणून छोटी पायरी निवडायची, पण ती पुरी करायची. आणि दुसऱ्या म्हणजे आधाराच्या लपवलेल्या काठ्या: दाराजवळच उभं राहणं, हातात पाण्याची बाटली, खिशात गोळी, कानाला बायकोचा फोन. प्रवास होतो, पण श्रेय बाटलीला जातं. या काठ्या समुपदेशकाला सांगा, त्याही एकेक करून सोडायच्या असतात.

गृहपाठ झाला नाही म्हणून सेशन रद्द करणारे पुष्कळ. शाळेची सवय, दुसरं काय! तसंच जा आणि ‘केलं नाही’ म्हणा. पायरी फार मोठी होती, की घरात एकांत मिळाला नाही, हे बघणं हेसुद्धा कामच.

अवघड विषय शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवू नका. दारात उभं राहून ‘आणखी एक, रोज रात्री दारू घेतो मी’ असं सांगितलं तर ते पुढच्या आठवड्यावर जातं. सुरुवातीलाच बोला. औषधं चालू असतील तर तीही सांगा. नैराश्याच्या गोळ्यांना गुण यायला साधारण 2 ते 6 आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, मानसोपचारतज्ज्ञांना विचारून कमी करायच्या.

गुप्ततेबद्दल. तुमचं बोलणं नवऱ्याला, आईवडिलांना सांगितलं जात नाही, मग फी त्यांनी भरली तरी. अपवाद आहेत: जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, आणि मुलांवरचे लैंगिक अत्याचार, ज्यांची खबर देणं 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. घरच्यांनीही ‘आज काय बोललात?’ विचारू नये. आठवड्यातून एक तास त्या माणसाला एकट्याने बाहेर पडू दिलं, तर तीच मोठी मदत. आणि समुपदेशन ही तातडीची सेवा नाही. रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर गुरुवारच्या सेशनची वाट बघू नका, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो आणि मोफत आहे.

फरक कधी दिसतो? भीती, पॅनिक, मध्यम नैराश्य यांना साधारण 12 ते 20 सेशन लागतात. सुरुवातीला त्रास किंचित वाढल्यासारखा वाटतो, कारण आजवर टाळलेलं समोर येतं. पण पाच-सहा सेशननंतरही काहीच हललं नाही, तर तोंडावर विचारा: ‘आपण योग्य दिशेने चाललोय का?’ समुपदेशकाचं एखादं वाक्य लागलं असेल तर तेही सांगा. चांगल्या समुपदेशकाला याचा राग येत नाही. आला, तर दुसरा शोधा. मात्र फोन न उचलता गायब होऊ नका; एक शेवटचं सेशन घ्या आणि आतापर्यंतच्या कामाचा लेखी सारांश मागा. नव्या ठिकाणी पहिली दोन सेशन त्याच चौकशीत जायची वाचतात.