लिमा ते कुस्को बसने: दोघांनी करायची तयारी

पेरूत सॅक पाठीवर टाकून फिरणाऱ्या दोघांपुढे हा प्रश्न हमखास येतो. लिमाहून कुस्कोला विमानाने जायचं की बसने? विमान दीड तासाच्या आत पोहोचवतं. बसला वीस ते बावीस तास लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. अंतर साधारण १,१०० किलोमीटर. बसला माझी अजिबात ना नाही. समुद्र, वाळवंट आणि अँडीज हे सगळं एकाच खिडकीतून दिसतं ते बसमधूनच. पण तयारी करताना बहुतेक जण सीट कशी, वायफाय आहे का, जेवण मिळतं का, एवढंच विचारत बसतात. या रस्त्यावर सगळ्यात मोठी गोष्ट आहे उंची. सीट, बॅग, जेवण, औषध या सगळ्याचा विचार त्या उंचीपासून सुरू करायचा.

रस्ता असा आहे. लिमापासून नास्कापर्यंत पॅन-अमेरिकन हायवे किनाऱ्याच्या बाजूने दक्षिणेकडे जातो. हे साधारण ४५० किलोमीटर, सात-आठ तास. या टप्प्यात समुद्र उजव्या हाताला असतो, तेव्हा खिडकी हवी असेल तर उजवीकडची मागा. नास्का समुद्रसपाटीपासून जेमतेम ५०० मीटर वर आहे. तिथून रस्ता पूर्वेकडे वळतो आणि चढायला लागतो. साधारण शंभर किलोमीटरमध्ये बस पाम्पा गालेरासच्या पठारावर, म्हणजे ४,००० मीटरच्या आसपास येते. पुढे पुकियो गावाला ३,२०० मीटरपर्यंत उतरते आणि पुन्हा चढून उजाड पुना पठारावर बराच वेळ ४,३०० मीटरच्या वर राहते. मग चालुआंका, मग अबान्काय (साधारण २,४०० मीटर), पुन्हा ४,००० मीटरच्या जवळची खिंड, आपुरिमाक नदीचं खोल खोरं, आणि शेवटी ३,४०० मीटरवरचं कुस्को.

लिमाहून बस बहुधा दुपारी किंवा संध्याकाळी सुटतात. त्यामुळे सगळ्यात उंच टप्पा मध्यरात्रीनंतर, तुम्ही झोपेत असताना येतो. झोपेत श्वास मंदावतो, म्हणून रक्तातला ऑक्सिजन जागेपणीपेक्षा आणखी खाली जातो. ४,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांहूनही कमी असतो, आणि बसमध्ये विमानासारखी दाब राखायची सोय नसते. सकाळी डोकं ठणकत उठलेला माणूस म्हणतो, झोप नीट झाली नाही. पुष्कळदा ती उंची लागलेली असते. पेरूत याला सोरोचे म्हणतात.

दाब किती उतरला हे पाहायचं असेल तर हातातली पिशवी बघा. लिमात घेतलेलं वेफर्सचं पाकीट पुकियोच्या वर उशीसारखं टम्म फुगलेलं असतं. सनस्क्रीनच्या ट्यूबचं झाकण उघडलं की न दाबताच क्रीम बाहेर येतं. उलट, वर असताना पाणी पिऊन घट्ट बंद केलेली रिकामी बाटली अबान्कायच्या उतारावर आपोआप चेपते. म्हणून ट्यूब आणि बाटल्या आधीच झिपच्या पिशवीत घालाव्यात आणि वर असताना उघडायच्या असतील तर तोंड वर करून, हळूहळू. कपड्यांवर सनस्क्रीन सांडलं तर पुढचे दहा तास बदलायला काही नसतं, कारण मोठी सॅक खाली डिकीत असते.

माझं स्पष्ट मत आहे की समुद्रसपाटीवरून आलेल्या माणसाने हा प्रवास पहिल्या खेपेला एका दमात करू नये. दिवस असतील तर लिमा, नास्का, अरेकिपा आणि मग कुस्को असं जावं. नास्का ते अरेकिपा नऊ-दहा तास. अरेकिपा २,३०० मीटरवर आहे. तिथे किमान दोन रात्री काढाव्यात आणि मग साधारण दहा तासांची बस धरून कुस्को गाठावं. हाही रस्ता मध्ये ४,००० मीटरच्या वर जातो, पण तोपर्यंत शरीराने थोडं जुळवून घेतलेलं असतं आणि दोघांपैकी कोणाला उंची जास्त बाधते तेही कळलेलं असतं. गिर्यारोहणातला नियम असा की ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. लिमा ते कुस्को थेट गेलं तर हा नियम कित्येक पटींनी मोडतो.

तरीही थेटच जायचं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना असेटाझोलामाइडबद्दल विचारा. उंचीच्या त्रासाला प्रतिबंध म्हणून प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं. या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि वारंवार लघवीला लागतं. हे दुसरं बसमध्ये महत्त्वाचं, कारण त्यामुळे लोक पाणी प्यायचं टाळतात, अंग सुकतं आणि डोकेदुखी वाढते. त्यापेक्षा दोघांनी स्वच्छतागृहाच्या फार लांब नसलेल्या सीट घ्याव्यात आणि थोडं थोडं पाणी पीत राहावं. त्या रात्री दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद. कोकाच्या पानांचा चहा पेरूत कायदेशीर आहे आणि सगळीकडे मिळतो. बरा वाटतो, पण तो औषधाची जागा घेत नाही. पानं सोबत घेऊन देशाबाहेर मात्र निघू नका, कित्येक देशांत ती बेकायदा आहेत.

सोबत दुसरा माणूस असण्याचा सगळ्यात मोठा उपयोग इथेच होतो. उंची लागलेला माणूस स्वतः ते कबूल करत नाही, कधीकधी त्याला ते कळतही नाही. म्हणून बसमध्ये चढण्याआधीच ठरवून टाका: पुकियोला आणि अबान्कायला, किंवा तीन-तीन तासांचा गजर लावून, एकाने दुसऱ्याला उठवायचं आणि चार गोष्टी विचारायच्या. डोकं दुखतंय का? मळमळतंय का? चक्कर येते का? नुसतं बसून धाप लागते का? पहिल्या तीनपैकी काही असेल तर पाणी, विश्रांती आणि लक्ष. बसल्या जागी धाप, सतत खोकला किंवा बोलण्यात गोंधळ असेल तर ताबडतोब बसमधल्या सेवकाला सांगा. चांगल्या बसमध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर ठेवलेला असतो, तो मागायला संकोच करू नका. बस थांबली की एक चाचणी करून घ्या: टाचेला चवडा लावत सरळ रेषेत दहा पावलं. तोल जात असेल तर तो अपुऱ्या झोपेचा परिणाम समजू नका, मेंदूला सूज येत असण्याची ती खूण असू शकते. अशा माणसाला आणखी वर नेऊ नये. अबान्कायसारख्या खालच्या गावात उतरून दवाखाना गाठावा, आणि सोबत्यानेही त्याच्याबरोबर उतरावं.

वळणांमुळे होणारी मळमळ वेगळी. नास्काच्या पुढे वळणं संपतच नाहीत. बस लागली असेल तर गाडी थांबल्यावर थोड्या वेळात बरं वाटतं आणि डोकं सहसा दुखत नाही. उंचीची मळमळ बस थांबली तरी जात नाही. बस लागण्यावरची गोळी नास्का यायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही.

आता सीट. पेरूतल्या लांब पल्ल्याच्या बस बहुधा दुमजली असतात. सेमी-कामा म्हणजे साधारण १४० अंशांपर्यंत मागे जाणारी सीट, कामा म्हणजे १६० अंशांची. १६०वाल्या सीट खालच्या मजल्यावर, संख्येने कमी आणि महाग. वरच्या मजल्यावरची पहिली रांग पॅनोरॅमिक म्हणून आवडीने विकली जाते. दिवसा किनाऱ्याने जाताना तिथून दिसतं छान, पण घाटात सगळ्यात जास्त हेलकावे तिथेच बसतात आणि समोर फक्त काच असते. या रस्त्यासाठी खालच्या मजल्याचे जास्तीचे पैसे द्यावेत असं मला मनापासून वाटतं. तेवढं बजेट नसेल तर वरच्या मजल्यावर मधल्या रांगा. पट्टा झोपतानाही लावलेला हवा, ओटीपोटावर घट्ट, पांघरुणाच्या आतून.

तिकीट काढताना दोन प्रश्न विचारा. ‘एस दिरेक्तो?’ म्हणजे बस थेट जाते का, आणि ‘दे के तेर्मिनाल साले?’ म्हणजे कुठल्या टर्मिनलवरून सुटते. पहिला प्रश्न सुरक्षिततेचा आहे. स्वस्त बस रस्त्यात हात दाखवेल त्याला घेतात, आणि तपासणी न झालेला माणूस रात्री बसमध्ये चढतो. दुसरा प्रश्न लिमासाठी खास. लिमात सगळ्या बसचं मिळून एकच स्थानक नाही, बऱ्याच कंपन्यांची स्वतःची टर्मिनल आहेत आणि एकाच कंपनीची दोन असू शकतात. चुकीच्या टर्मिनलवर गेलात तर लिमाच्या वाहतुकीत दुसरीकडे पोहोचेपर्यंत बस गेलेली असते. थेट बसला दोन चालक असतात. नियमानुसार एका चालकाने दिवसा सलग पाच तासांपेक्षा आणि रात्री चार तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही. दुसरा चालक दिसत नसेल तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

टर्मिनलवर तासभर आधी पोहोचा. मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स चालत नाही. मोठी सॅक काउंटरवर द्यायची, तिला चिठ्ठी लागते आणि तिचा अर्धा तुकडा तुम्हाला मिळतो. दोन सॅक असतील तर दोन वेगळे तुकडे घ्या आणि दोघांनी दुसऱ्याच्या तुकड्याचाही फोटो काढून ठेवा. हा तुकडा हरवला की कुस्कोला सॅक हातात पडायला फार वेळ जातो. निघण्याआधी एक कर्मचारी कॅमेरा घेऊन प्रत्येक प्रवाशाचा चेहरा टिपतो, तो सुरक्षेचाच भाग आहे.

पासपोर्ट, पैसे आणि फोन असलेली छोटी बॅग वरच्या फळीवर ठेवू नका, आणि सीटखालीही नाही. मागच्या सीटवरचा माणूस पायाने ती ओढून घेतो आणि काम झाल्यावर परत पुढे सरकवतो, म्हणून सकाळपर्यंत पत्ता लागत नाही. खिडकीकडे बसणाऱ्याने दोघांच्या बॅगा पायांच्या मध्ये ठेवून पट्टे मांडीभोवती अडकवायचे. उठणं, पाणी आणणं, सेवकाशी बोलणं हे मधल्या वाटेकडे बसणाऱ्याकडे. पैसे आणि कार्डं मात्र दोघांनी वाटून घ्यावीत, सगळी एकाच बॅगेत नकोत.

याच छोट्या बॅगेत फ्लीस किंवा जॅकेट, जाड मोजे आणि टोपी हवी. जून ते ऑगस्टमध्ये पठारावर रात्री तापमान शून्याखाली जातं, आणि हीटर बंद पडला तर बसमधलं पातळ ब्लँकेट पुरत नाही. टॉयलेट पेपर आणि एक-एक सोलची सुटी नाणीही ठेवा, थांब्यावरच्या स्वच्छतागृहात ती लागतात. बसमधलं स्वच्छतागृह फक्त लघवीसाठी असतं, तशी पाटीच असते. जेवणात भातासोबत कोंबडी येण्याची शक्यता फार. शाकाहारी असाल तर ‘सिन कार्ने’ (मांस नको) एवढं सांगून भागत नाही, कारण तिथे कोंबडीला कार्ने म्हणत नाहीत. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ (मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत) असं पूर्ण सांगा आणि तरीही पाव, केळी, सुका मेवा जवळ ठेवा. चढणीच्या रात्री पोट हलकंच बरं.

डिसेंबर ते मार्च हा पावसाळा. तेव्हा डोंगरावरून चिखल-दगडांचे लोंढे रस्त्यावर येतात, त्यांना वाइको म्हणतात. शिवाय आंदोलनांमुळेही रस्ते बंद होतात, याला ‘पारो’ असा शब्द कानावर येईल. बंद रस्त्यांची माहिती सुत्रान ही सरकारी संस्था देत असते, निघायच्या दिवशी सकाळी ती बघून घ्या. माचू पिच्चूचं तिकीट ठरलेल्या तारखेचं आणि वेळेचं असतं, म्हणून कुस्कोला पोहोचणं आणि ते तिकीट यांच्यात किमान दोन मोकळे दिवस ठेवा. २८ आणि २९ जुलैला राष्ट्रीय सुट्टी आणि मार्च-एप्रिलमध्ये ईस्टरचा आठवडा, तेव्हा भाडं चढतं आणि चांगल्या सीट आधीच जातात.

कुस्कोला उतरल्यावर घाई करू नका. चिठ्ठीचा तुकडा दाखवून सॅक घ्या, ती पाठीवर टाकून चढावर चालत सुटू नका, टॅक्सी करा आणि बसण्याआधी भाडं ठरवा. डोकं जड असेल तर पहिली रात्र कुस्कोत न काढता खाली जाणं उत्तम. उरुबाम्बा २,९०० मीटरच्या जरा खाली आहे, ओयान्तायताम्बो २,८०० मीटरच्या आसपास. तिकडे जाणाऱ्या शेअर व्हॅन, म्हणजे कोलेक्तिवो, पावितोस रस्त्यावरून सुटतात. ठरलेली वेळ नाही, भरली की निघाली. दीड ते दोन तास लागतात. टपावर सॅक चढवली तर ती बांधलेली स्वतः बघून मगच आत बसा.